ग्रीक मातृभाषेचा दाखला

ज्या विद्येची परीक्षा घ्यायला दुसरा माणूस उरलेला नसतो, ती विद्या सर्वांत सुरक्षित असते. हैदराबादचे ग्रीकचे सरकारी अध्यापक तातेराव या सुरक्षिततेत अकरा वर्षे सुखाने नांदले. ग्रीक वाङ्मय मूळ भाषेतूनच वाचावे, भाषांतर म्हणजे उष्टे अन्न, असे ते बरकतपुऱ्यातल्या शेजाऱ्यांनाही ऐकवीत. स्वतः ते एका महाकाव्याच्या पहिल्या बारा ओळी अस्खलित म्हणत. तेराव्या ओळीपर्यंत विद्यार्थी टिकत नसत. (एकूण विद्यार्थी चौदा. पैकी नऊ खोलीत पंखा आहे म्हणून आलेले, चार फारसीचा वर्ग समजून. उरलेल्या एकाचे लग्न ठरले.) तेरावी ओळ आपल्यालाही लागत नाही, हे तातेराव मनातल्या मनात कबूल करीत. मोठ्याने कबूल करायची वेळ आली नव्हती.

ती छप्पन साली आली. राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले आणि सरकारी नोकरांची भाषेप्रमाणे वाटणी निघाली. मराठी म्हणून तातेरावांच्या वाट्याला परभणी येत होती. परभणीत ग्रीक नव्हते.

"आन् आबिड्सचा बाजार तरी हाय का तिथं?" त्यांच्या पत्नी कुसुमताई म्हणाल्या. "मी इथून हलत नाय बघा."

तातेरावांची भीती वेगळीच होती. परभणीला इतिहास शिकवावा लागला असता, आणि इतिहास तपासणारे गल्लोगल्ली असतात. त्यांनी फॉर्मवर 'मातृभाषा' या रकान्यात सरळ लिहिले : ग्रीक.

"ग्रीकवालों का सूबा किधर है, साब?" हेडक्लार्क कादरसाहेबांनी विचारले.

"कुठंच नाही. म्हणून तर इथंच राहतो."

"बात तो बराबर है. मगर इम्तेहान देना पडता."

परीक्षेला त्रिसदस्य समिती बसली : एक तेलुगू, एक उर्दू, एक मराठी. ग्रीक कोणालाच येत नसल्याने समिती पूर्ण निःपक्षपाती होती. तातेरावांनी बारा ओळी खणखणीत म्हटल्या.

"और सुनाव," उर्दू अध्यक्ष म्हणाले.

तेरावी ओळ तातेरावांकडे नव्हती. नोकरी, बरकतपुरा, कुसुमताई, सगळे एका ओळीवर आले. आणि मग, कसे कोण जाणे, बालपणी छडीच्या धाकाने पाठ केलेली औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, त्याच गंभीर चालीत बाहेर पडली. बे औटे सात, तीन औटे साडेदहा...

'सात'वर अध्यक्ष दचकले. (ग्रीक आणि उर्दूचे प्राचीन नाते तातेरावांनी लगेच विशद केले.) मराठी सदस्य एकनाथराव, हैदराबादच्याच हिमायतनगरात वाढलेले आणि पाढे उर्दूत शिकलेले, मात्र डोळे पुसत होते.

"ही गोडी भाषांतरात कुठली यायला!" ते म्हणाले आणि त्यांनी पहिली सही केली.

तातेराव सुटले. सुटकेचा आनंद जिना उतरेपर्यंत टिकला. मग त्यांना फार लाज वाटली, आणि ती ग्रीकबद्दल नव्हती.

दाखला मिळाल्यावर चारचौघांत मराठी बोलण्याची चोरी झाली. हळूहळू घरातही मराठी थांबली. आता त्यांचा नातू पाहुण्यांसमोर हात जोडून औटकी म्हणतो आणि 'हमारे दादा की ग्रीक' म्हणून टाळ्या घेतो.

हसण्यापूर्वी वाचकांनी औटकी दहा औट्यांपर्यंत, न अडखळता, एकदा म्हणून पाहावी. अडलात तर घाबरू नका. 'मातृभाषे'चा रकाना अजून आहे, आणि समितीत तुमच्यासारखेच लोक आहेत.