तगक्षमता वाढवण्याची कार्यशाळा

माणूस संकटाने खचत नाही. योग्य प्रशिक्षण न घेता संकटाला सामोरे गेल्याने खचतो. हे सत्य सर्वमान्य आहे, निदान प्रशिक्षण देणाऱ्यांत तरी.

संकटातही उभे राहण्याच्या या गुणाला मराठीत काय म्हणावे, यावर तीन समित्या बसल्या होत्या. ‘लवचिकता’ म्हटले की लोकांना रबर आठवे आणि ‘चिवटपणा’ म्हटले की शिळा पाव. अखेर ‘तगक्षमता’ हा शब्द मंजूर झाला आणि तो गावोगाव शिकवणाऱ्या मुख्य प्रशिक्षकाला लोक ‘तगसाहेब’ म्हणू लागले. तगसाहेब एकोणीस वर्षे तगक्षमता शिकवत होते. त्यांच्या बायकोचे म्हणणे थोडे वेगळे होते. “लिफ्ट दोन दिवस बंद पडली, तर हा माणूस माझ्या माहेरी राहायला गेला,” असे ती चारचौघांत सांगे. साहेब नाकारत नसत. चौथा मजला होता, एवढेच म्हणत.

नदीचा बांध फुटून एक अख्खी वस्ती वाहून गेली होती. तिथली सतरा कुटुंबे चार महिने पलीकडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये राहत होती. या कुटुंबांना ‘विस्थापित’ आणि शाळेभोवतीच्या गल्लीला ‘यजमान समुदाय’ म्हणावे, असे परिपत्रक होते. दोघांची तगक्षमता वाढवायला तगसाहेब तीन दिवसांसाठी आले.

कार्यशाळा बंदिस्त आणि हवेशीर सभागृहातच घ्यावी, असा नियम होता. तसे सभागृह एकच होते. त्यामुळे विस्थापितांना विस्थापन सोसायला शिकवण्यासाठी सतरा कुटुंबांना तीन दिवस व्हरांड्यात हलवावे लागले. (अहवालात याची नोंद ‘प्रात्यक्षिक’ या सदराखाली आहे.)

पहिल्या दिवशी प्रश्नावली झाली.

“गेल्या महिन्यात आपल्याला किती वेळा धक्का बसला?” साहेबांनी वाचले.

“विजेचा का?” शिलाईवाल्या ताईंनी विचारले. पुरातून त्यांनी शिलाई मशीन तेवढे डोक्यावरून आणले होते आणि आता त्या गिरणीच्या ओट्यावर बसून गल्लीचे कपडे शिवत.

“मनाचा.”

“मग तसा नाही बसला. वेळच नव्हता.”

शंभरपैकी विस्थापितांना सरासरी एक्क्याण्णव गुण पडले आणि यजमानांना अठ्ठ्याऐंशी. एक कोरी प्रश्नावली उरली होती, ती साहेबांनी सहज स्वतःसाठी भरली. चौतीस आले. दोन उत्तरे जरा बरी करून पुन्हा मोजले, तर एकतीस झाले.

मुख्य कार्यालयातून मोठ्या साहेबांचा फोन आला. “अहो, सुरुवातच एक्क्याण्णवने केलीत, तर वाढ कुठे दाखवणार?”

उत्तर लवकरच मिळाले.

शाळेच्या नळाला दहा ते अकरा पाणी येई. तेव्हा गल्लीतल्या बहुतेक बायका कामावर असत. गिरणीवाल्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात ताईंना सांगितले होते, “आमची पिंपं तुम्ही भरा, आमच्या न्हाण्या तुम्ही वापरा.” ना ठराव, ना बैठक. चार महिने हे बिनबोभाट चालले होते.

कार्यशाळेत हजेरीची सही दहाला होई, मग दार बंद होई ते अकराला उघडे. त्या तासाला मनःशांतीचा पाठ होता.

“डोळे मिटा,” साहेब हळुवार आवाजात म्हणाले. “एक शांत जलाशय डोळ्यांपुढे आणा. पाणी हळूहळू तुमच्याकडे येत आहे...”

सगळ्यांनी डोळे मिटले. बाहेर नळ सुटल्याचा आवाज येत होता. मागून एक म्हातारा सुतार म्हणाला, “साहेब, पाणी नको. दुसरं काहीतरी सांगा.”

साहेबांनी घाईघाईने जलाशयाचे कुरण केले, पण सगळ्यांचे डोळे केव्हाच उघडले होते.

दोन दिवस पिंपे कोरडी राहिली. तिसऱ्या सकाळी न्हाण्यांना आतून कड्या लागल्या आणि नळाजवळ चार महिन्यांतले पहिले भांडण झाले.

“तू उठून जायला हवं होतंस!” काकू ओरडल्या.

“तुम्हीच मला बसवलंत! सही चुकेल म्हणालात!” ताई म्हणाल्या आणि त्यांनी बादली आपटली. बादलीला चीर गेली.

दुपारी अंतिम मोजणी झाली. एक्क्याण्णवचे अठ्ठावन्न झाले होते.

निघताना साहेब ताईंपुढे उभे राहिले. “माझं चुकलं. मी खरं म्हणजे मदत करायला आलो होतो.”

“असू दे हो,” ताई बादलीच्या चिरेवर डांबर लावत म्हणाल्या. “तुम्ही गेलात की होईल सगळं नीट.”

साहेबांनी अहवालात खरे तेच लिहिले: कार्यशाळेमुळे तगक्षमता तेहेतीस गुणांनी घटली. कार्यालयात तो वाचून सगळे गंभीर झाले. गुण इतक्या झपाट्याने घसरत असतील, तर गरज केवढी मोठी! प्रकल्पाला तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली आणि तगसाहेबांना बढती.

दोन महिन्यांनी शाळेला परीक्षेसाठी हॉल हवा होता, म्हणून तो रिकामा करायचा ठरला. ताईंनी साहेबांना फोन केला. “तुमच्या सोसायटीत खालचा हॉल मोकळा असतो म्हणे. चार-पाच घरं मावतील का? उरलेल्यांचं आम्ही बघतो.”

साहेबांनी सोसायटीची सभा बोलावली आणि चाळीस मिनिटे तळमळून बोलले. दोन सभासदांनी डोळे पुसले. मग अध्यक्ष म्हणाले, “अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.”

तगसाहेबांचा हात वर निघाला. अर्ध्या वाटेवर त्यांना दिसले की दुसरा एकही हात वर नाही. शेजाऱ्यांशी उद्या जिन्यात गाठ पडणार होती. हाताने चष्मा सारखा केला आणि तो खाली आला.

ठराव एकमताने झाला: आधी सभासदांची तगक्षमता वाढवावी, मग कुटुंबांचा विचार करावा.

साहेबांनी चार दिवस धीर गोळा करून ताईंना फोन लावला.

“अहो, कधीच झालं,” ताई म्हणाल्या. पलीकडे गिरणीची घरघर होती. “काकूंनी मागची वखार रिकामी केली, बाकीची घरं गल्लीनं वाटून घेतली. तुम्ही नका जिवाला लावून घेऊ. तुम्हाला सोसत नाही.”

ही हकिगत वाचून ज्यांना तगसाहेबांचा राग आला असेल, त्यांनी आपल्या घरातली एक रिकामी खोली लेखी कळवावी. अर्ज एका पानाचा आहे. (आजवर आलेले अर्ज: शून्य. राग मात्र पोत्याने आला आहे.)