कवळी अजून झोपलेली आहे

स्थिर फोटो पडद्यावर आणला की तो पाच सेकंद दाखवायचा, हे ज्या कोणी ठरवलं, त्या माणसाला एकदा समोर बसवून विचारायला हवं. बाबा रे, पाचच का? आणि ठरवलंस ते ठरवलंस, वर कुणाला न विचारता प्रत्येक लॅपटॉपमध्ये भरून का ठेवलंस? तुझ्या या पाच सेकंदांनी एका सरळमार्गी कारकुनाचं भरल्या सभेत काय झालं, ते तुला कोण सांगणार?

हा कारकून जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत खिडकी क्रमांक तीनवर बसत असे. त्याची बायको दातांच्या इस्पितळात दात घडवत असे. इस्पितळाच्या दारातल्या पाटीवर चौदा डॉक्टरांची नावं होती. त्या चौदाही जणांनी लोकांच्या तोंडात बसवलेले दात मात्र तळघरातल्या एका खोलीत, प्लॅस्टरच्या धुळीत, अकरा वर्षं हीच बाई घडवत होती. तिचं नाव पाटीवर नव्हतं. गावातली निम्मी माणसं तिच्या दातांनी हसत होती आणि तिला कुणी ओळखत नव्हतं. (याचा तिला राग येत नसे. तिच्या वाटचा राग नवरा करत असे, पण घरातल्या घरात.)

तर या बाईने एक सिनेमा केला. एक कवळी सकाळी उठते. पाहते तर तिचा एक सुळा रुसून निघून गेलेला, कारण त्याला कुणी घासतच नाही. मग कवळी टुणटुण उड्या मारत त्याला शोधायला जाते, ब्रशच्या पुलावरून पलीकडे जाते आणि त्याची समजूत काढून त्याला घरी आणते. कवळी तांदळाच्या दाण्याएवढी हलवायची, एक फोटो काढायचा. पुन्हा दाणाभर हलवायची, पुन्हा फोटो. एका रविवारी तीस फोटो. असे तीस रविवार जेवणाचं टेबल कवळीच्या ताब्यात होतं आणि घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवत होती.

"माझ्या वयाच्या बाईने दात ग्लासात ठेवायचे असतात," कारकुनाची आई म्हणायची. "तुझ्या बायकोने टेबलावर नाचवलेत."

पण सून फोटो काढत असली की आई श्वाससुद्धा बेताने घेत असे.

शेवटी आठशे चौसष्ट फोटो झाले. इस्पितळात मुलांचा नवा विभाग निघत होता आणि मुलांना दातांबद्दल शिकवणारं सगळं साहित्य करायला माणूस हवा होता. मुख्य डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की सोमवारी सगळ्या डॉक्टरांसमोर काय ते दाखवा. आवडलं तर तुम्ही वरच्या मजल्यावर याल, नाही तर बाहेरून माणूस घेऊ. तळघर की वरचा मजला, एवढं सगळं त्या फोटोंवर ठरणार होतं.

नेमक्या त्याच आठवड्यात तळघरात सतरा कवळ्यांचं तातडीचं काम आलं. तेव्हा कारकून म्हणाला, "तू दात बनव. फोटो जोडायचं माझ्यावर सोड."

"अहो, जमेल?"

"आठ हजार दाखले लावलेत मी ओळीने. आठशे फोटोंचं काय घेऊन बसलीस?"

तिने चिठ्ठी लिहून दिली. प्रत्येक फोटो दोन फ्रेम, म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. एकूण लांबी एक मिनिट बारा सेकंद.

सेकंदाचा बारावा भाग हे वाचून कारकुनाला गलबलून आलं. जो फोटो काढताना बायकोची पाठ मोडली, तो डोळ्याची पापणी लवण्याआधी जाणार. पण हुकूम म्हणजे हुकूम. त्याने सगळे फोटो क्रमाने सॉफ्टवेअरमध्ये ओढून आणले, त्यांची लांबच लांब ओळ लावली. मग सेटिंगमध्ये जाऊन 'स्थिर फोटोची लांबी' शोधली. तिथे पाच सेकंद होते. त्याने ते खोडून दोन फ्रेम लिहिलं आणि खिडकीवर शिक्का मारावा तसं ओके दाबलं. खाली एकूण लांबीचे आकडे होते. एक, बारा आणि त्यापुढे बरीच शून्यं. एक आणि बारा. जुळलं. (शून्याला किंमत नसते असं तो शाळेत शिकला होता.) लावून पाहिलं, तर पहिले दहा सेकंद कवळी झोपलेली होती. गोष्टीत ती झोपलेलीच असते. तेही जुळलं. चित्रफीत तयार व्हायला रविवारची सकाळ आणि दुपार लागली, तेव्हा तो आईला म्हणाला, "चांगल्या कामाला वेळ लागतो."

"मला पाहू तरी दे," बायको म्हणाली.

"नाही. उद्या मोठ्या पडद्यावरच बघ. सगळ्यांबरोबर."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

सोमवारी सभागृहात पडदे ओढले. चौदा डॉक्टर चहाचे कप घेऊन बसले. लॅपटॉप चालवायला म्हणून कारकून रजा टाकून आला होता. पडद्यावर झोपलेली कवळी आली. "किती सुबक आहे," कुणीतरी म्हणालं. कारकुनाने अभिमानाने मान हलवली.

एक मिनिट गेलं. कवळी झोपलेलीच होती.

"अडकलंय का?" मुख्य डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही नाही. झोपलेत ते."

"हो, पण किती वेळ?"

"उठतील आता."

अडीच मिनिटांनी कवळीचा वरचा भाग तांदळाच्या दाण्याएवढा वर झाला. तिथेच थांबला. पाच सेकंदांनी आणखी एक दाणा.

"एकूण केवढी आहे फिल्म?"

कारकुनाने खाली पाहिलं आणि या खेपेला शून्यांसकट वाचलं. एक तास बारा मिनिटं. त्याची दातखीळ बसली.

अंधारातून बायको चालत आली. तिने सेटिंग उघडलं, बंद केलं आणि हळूच विचारलं, "नियम बदलला की खिडकीवर तुम्ही लोकांना काय सांगता?"

"आजपासूनच्या अर्जांना नवा नियम. आधीच्या अर्जांना जुनाच."

"आणि फोटो कधी आणलेत? सेटिंग बदलण्याआधी की नंतर?"

"आधी," कारकून म्हणाला आणि खुर्चीवरून उठला.

तिने चौदा डॉक्टरांकडे वळून "चार मिनिटं द्या" असं सांगितलं. आवाजात माफी नव्हती, घाई नव्हती. वाकडा बसलेला दात काढून सरळ बसवायचा, इतकंच. ओळीत लावलेले आठशे चौसष्ट फोटो तिने एका झटक्यात पुसले आणि नव्या नियमाने पुन्हा ओढून आणायला घेतले. "तोवर तुम्ही बोला काहीतरी," ती पडद्यावरची नजर न काढता नवऱ्याला म्हणाली.

मध्ये काच नसताना तो एवढ्या माणसांशी कधी बोलला नव्हता. पण बोलला. एका रविवारात अडीच सेकंदांचा सिनेमा होतो, हे सांगितलं. एकदा त्याने टेबलाला कोपर टेकलं आणि सगळा रविवार वाया गेला, तरी ती रागावली नाही, कवळी पुन्हा पहिल्या जागी ठेवून पुन्हा पहिला फोटो काढला, हेही सांगितलं. मग दाखल्यांवरही थोडं बोलला (ते कसं आलं त्याचं त्यालाच कळलं नाही).

"झालं," बायको म्हणाली.

कवळी झोपली होती. अडीच सेकंदांत उठली, चपापली, सुळा नाही म्हणून गोल गोल फिरली आणि धावत सुटली. प्लॅस्टरला जीव आला होता. पुलावर तिचा तोल गेला तेव्हा एका डॉक्टरने कप धरलेला हात पुढे केला, सावरायला. सुळा परत आला आणि सभागृहात हसू फुटलं. कारकून पडद्याकडे पाहतच नव्हता. बायको पाहत होती आणि तो तिच्याकडे.

"पुन्हा लावा," मुख्य डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चार वेळा लावली. मग त्या म्हणाल्या, "पुढच्या सोमवारपासून वरच्या मजल्यावर बसा. खिडकीजवळचं टेबल तुमचं."

"आणि पाटीवर नाव?" बायकोने विचारलं.

"लावू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पंधरावं."

लोक पांगले. आपल्या भाषणाने बराच फरक पडला असणार, असं कारकुनाला वाटू लागलं होतं. तेवढ्यात एक डॉक्टर त्याच्याशेजारी येऊन उभे राहिले. भूल देणारे ते, असं त्यांनीच सांगितलं. कारकून कौतुक ऐकायला सावरून उभा राहिला.

"ती तुमची पहिली, सव्वा तासाची फिल्म," डॉक्टर इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले, "पुसली नाही ना? मला द्या. माझ्याकडची माणसं सुईला फार घाबरतात हो."