कडक भाकरीची तपासणी

"चूल एक का दोन, हे ओळखायला मला कागद लागत नाहीत. भाकरीचा एक तुकडा बास!" सोनालीनं ऑफिसात सगळ्यांदेखत सांगून टाकलं आणि तपासणीच्या अर्जांची पिशवी खांद्याला लावून ती निघाली. कडेवर आठ महिन्यांची काव्या. सासूबाई अकलूजला लग्नाला गेल्या होत्या, म्हणून आज लेकही ड्युटीवर!

अर्ज चिमाबाईंचा होता. त्यांच्या धनाजीला चिंचोळी एमआयडीसीत कायमची नोकरी लागली होती आणि त्यानं बायकोसह वेगळं बिऱ्हाड केलं होतं. तसा बदल चिमाबाईंनी स्वतःच कळवला होता. चूल खरंच वेगळी असेल, तर त्यांचं मोफत उपचारांचं कार्ड चालू राहणार. एकच निघाली, तर धनाजीचा पगार मोजला जाणार आणि कार्ड बंद! पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होतं गुरुवारी. आज मंगळवार.

चिमाबाईंनी दारातच काव्याला उचलून घेतलं. "या बाय! काय गुटगुटीत लेकरू हाय! बसा, च्या टाकते."

"चहा नको, मावशी. भाकरी दाखवा."

चिमाबाई चपापल्या. आजवरच्या साहेबांनी आधार मागितलं होतं, रेशनकार्ड मागितलं होतं. भाकरी पहिल्यांदाच! त्यांनी डब्यातून कडक भाकरी काढली. पापडासारखी पातळ, वर तिळाची पेरणी. सोनालीनं ती सोनाराच्या थाटात उजेडाला धरली, टिचकी मारून वाजवली, तुकडा मोडून चावला.

"कुणी केली?"

"मी की! दुसरं कोन हाय हितं?"

भिंतीपलीकडं सून, प्रियदर्शनी. तिच्याही डब्यात कडक भाकरी. तीच जाडी, तेच तीळ, तोच आवाज!

"आणि ही?"

"मीच केली की!"

"खोटं!" सोनाली कडाडली. "दोन्ही एकाच हातच्या आहेत. म्हणजे चूल एकच!"

मागोमाग आलेल्या चिमाबाईंनी सुनेकडं पाहिलं. "माज्या डब्यातली उचलली व्हय गं?"

"मी कशाला उचलू, आत्या? तुमच्या भाकरीला हातोडा लागतोय!"

"ही बाय दोनी एकच म्हनती की! मग तुज्या भाकरीला काय, कात्री लागती?"

आवाज इतका चढला की गल्ली गोळा झाली. शेजारच्या मदिनाबी चिमाबाईंच्या बाजूनं पुढं सरसावल्या. "अहो मॅडम, आमच्या गल्लीत सगळ्यांचीच भाकरी अशी असती! ही बघा माझी. माझ्या हातची!"

सोनालीनं चावली. तोच हात! आणखी दोघी आपापली भाकरी घेऊन आल्या. तोच हात! सोनालीच्या अंगावर काटा आला. तिनं साहेबांना फोन लावला.

"साहेब, मोठं प्रकरण आहे! पाच घरं एकाच चुलीवर जेवतायत!"

"पाच? पुरावा ताब्यात घ्या!"

पुरावा काव्याच्या ताब्यात होता. नुकत्याच फुटलेल्या दोन दातांनी तिनं त्याचा कोपरा चोखून मऊ केला होता आणि ती लाळ गाळत अशी काही हसत होती, की सोनाली क्षणभर तपासणीच विसरली.

तेवढ्यात डोक्यावर टोपली घेऊन नागम्मा आली. "आज कुनाला किती ठिवू?"

पाच बायका पाच दिशांना बघायला लागल्या.

"काय ठेवायचं?" सोनालीनं विचारलं.

"कडक भाकरी की! या गल्लीला चार वर्सं मीच देते. अन् ही काव्याच न्हवं का? आजीसंगं येती की माज्याकडं. तिच्या आजीनं दोन डझन सांगितल्यात, तुमी नेताय?"

सोनालीचा चेहरा तव्यावरून उतरल्यासारखा लाल झाला. भाकरीतला हात ओळखायला ती त्याच सासूबाईंकडं शिकली होती! आणि इकडं चिमाबाई कार्ड गमवायला तयार होत्या, पण सुनेसमोर "विकत आणते" म्हणायला नव्हत्या. सूनही त्याच मातीची!

मग तिनं जे आल्याआल्या मागायचं ते मागितलं. गॅसची दोन पुस्तकं. दोन नावं, दोन शेगड्या, दोन सिलिंडर. सगळं स्वच्छ! तिनं लिहिलं, 'चूल स्वतंत्र. कार्ड चालू ठेवावे.' आणि पुन्हा फोन लावला.

"साहेब, ते पाच घरांचं काही नव्हतं."

"असं कसं? उद्या दुपारी मी स्वतः बघतो. तोवर मंजुरी नाही!"

फोन ठेवून सोनाली वळली, तर सासू-सून एकमेकींकडं बघून पोट धरून हसत होत्या.

"आत्या, तुमीपन?"

"मनगटं धरत्यात गं बाय आता. तुला कसं सांगू?"

"मला सांगायचं न्हाय तर कुनाला?" प्रियदर्शनीचे डोळे भरून आले. "चला, आजपासनं माज्याकडंच जेवायचं. ऑपरेशन झाल्यावरबी. ती शेगडी उचला, एकच चूल पेटवू!"

चिमाबाईंनी तिला पोटाशी धरलं. गल्लीनं पदर डोळ्यांना लावले. सोनालीचाही हात पदराकडं गेला आणि मध्येच थांबला.

"अहो, थांबा, थांबा!" ती शेगडीला आडवी होत ओरडली. "उद्या साहेब येऊन जाईपर्यंत तरी भांडा की!"