वाघोबांचा जास्तीचा पट्टा

एका जंगलात, जिथे नेटवर्क फक्त वडाच्या शेंड्यावर मिळायचं, तिथे सगळे प्राणी दिवसभर एकमेकांचे फोटो काढत आणि संध्याकाळी विसरून जात. हसू नका बाळांनो. तुमच्या आईच्या फोनमध्ये काय भरलंय ते मला ठाऊक आहे.

या जंगलाचे राजे वाघोबा महाराज. त्यांना एकदा वाटलं, आपला फोटो पणतवंडांनी पाहायला हवा. त्यांचे सल्लागार तरसराव. तरसरावांनी कुठेतरी ऐकलं होतं की प्लॅटिनम फार भारी असतं आणि त्याचा फोटो शेकडो वर्षं टिकतो. एवढ्यावर निर्णय झाला. जंगलात निर्णय असेच होतात.

असे फोटो हाताने करणारी एकच होती, शाल्मली पिसोरी. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. शाल्मली कलेच्या कॉलेजात शिकलेली होती आणि पान पडलं तरी दचकायची. शिक्षणाने दचकणं जात नाही. आपण कशाला दचकलो ते नीट सांगता येतं, इतकंच.

तरसरावांनी तिला अटी समजावून सांगितल्या. फोटो चांगला आला तर दरबारात जागा. बिघडला तर महाराजांच्या नाश्त्यात.

शाल्मलीने जाड कागदावर लोखंडाच्या क्षारात मिसळलेलं प्लॅटिनम आणि पॅलेडियम ब्रशने फासलं. कागद वाळवला, वर महाराजांच्या फोटोची निगेटिव्ह ठेवली, काचेखाली दाबून उन्हात ठेवला. इथपर्यंत कुणीही निभावून नेतं. पुढे फोटो उमटवणारा डेव्हलपर ओतायचा, तो एका दमात. हात अडखळला की फोटोवर आडवी रेघ उमटते आणि जन्मात जात नाही. मग कागद आम्लाच्या पाण्यात धुवायचा, पाणी बदलून पुन्हा धुवायचा. कारण उरलेलं लोखंड कागदात पिवळं होऊन लपून बसतं. ते काढलं नाही तर फोटो आतून पिवळा पडत जातो.

तर शाल्मलीने बरणी उचलली. डेव्हलपर तिच्या कॉलेजातल्या बाईंनी दिलेला होता, वर्षानुवर्षं वापरून लोणच्यासारखा मुरलेला. तिने श्वास रोखला आणि ओतायला सुरुवात केली.

मागे तरसराव पाहणीला उभे होते. तरसच ते. हसले.

शाल्मलीचा हात अडखळला. महाराजांच्या खांद्यावर आडवी रेघ आली.

निदान धुऊन तरी घेऊ म्हणून ती ट्रेकडे वळते आहे, तोच खुद्द महाराज आत आले. फोटोतल्या सगळ्या पांढऱ्या जागा अजून पिवळ्या होत्या. महाराज वाकून बघत राहिले. आपल्याबरोबर चटणी कोणती असेल, असा विचार शाल्मलीच्या मनात येऊन गेला.

अटी तरसरावांनीच घातल्या होत्या आणि हसलेही तेच होते. ते चटकन पुढे झाले. "रंग बघा महाराज, थेट आपलाच. आणि पट्टा एक जास्तीचा."

महाराजांनी पट्टे मोजले. "आमच्या वडिलांनासुद्धा एवढे नव्हते."

"महाराज, ते धुवायचं राहिलंय," शाल्मली पुटपुटली. "ते पिवळं म्हणजे मळ आहे."

"महाराजांच्या अंगावर मळ आहे, असं म्हणायचंय का ताई तुम्हाला?" तरसरावांनी विचारलं.

शाल्मलीला तसं म्हणायचं नव्हतं. खरं तर त्या क्षणी तिला काहीच म्हणायचं नव्हतं. फोटो तसाच, न धुता, दरबारात टांगला गेला.

मग काय, सगळ्यांना तसाच हवा. कोल्ह्यांना पिवळा, रानडुकरांना पिवळा. जन्मभर पांढरा राहिलेला बगळासुद्धा म्हणाला, जरा सोनेरी करा. शिवाय प्रत्येकाला रेघ हवी. ती आपणहून कशी येणार? म्हणून शाल्मली ओतायला लागली की मागे उभं राहून हसायचं, यासाठी तरसरावांचीच नेमणूक झाली. उपसंचालक, हास्य विभाग.

शाल्मलीने एकदा गुपचूप स्वतःसाठी एक फोटो केला. नेच्याच्या पानाचा. मनासारखा ओतला, मनासारखा धुतला. पांढरं अगदी धुतलेल्या तांदळासारखं. तो तिने शेजारच्या खारूताईला दाखवला. खारूताई म्हणाली, "किती फिकं गं. काही करायचं राहिलंय का?"

पावसाळा आला आणि गेला. दरबारातला फोटो आतून पिकत चालला. त्यातल्या महाराजांचं पोट पिवळं झालं, मिशा पिवळ्या झाल्या आणि एक दिवस डोळ्यांतलं पांढरं पार हळदीसारखं झालं. महाराजांनी शाल्मलीला बोलावणं धाडलं.

खरं सांगून टाकायचं, असं तिने वाटेत ठरवलं. दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं. दाराशी तरसराव भेटले. आज हसत नव्हते. "ताई," ते हळूच म्हणाले, "आपण दोघं एकाच ताटात आहोत."

महाराजांनी जांभई दिली. सगळे दात दिसले. "हा फोटो खोटं सांगतोय का?"

शाल्मलीने फोटोतले डोळे पाहिले. मग महाराजांचे पाहिले. पांढरे स्वच्छ, आणि तिच्यावर खिळलेले.

"नाही महाराज," ती म्हणाली. "आत जे राहिलेलं असतं, ते या फोटोत हळूहळू वर येतं."

यात एकही शब्द खोटा नव्हता, हे लक्षात घ्या.

अस्वलवैद्यांना बोलावलं. त्यांनी फोटो नीट तपासला. महाराजांना तपासायची गरज पडली नाही. कावीळ, म्हणाले, आणि मुरलेली. मांस बंद. उसाचा रस, मुगाच्या डाळीचं पाणी, गळ्यात काविळीची माळ. हे पथ्य किती दिवस? फोटो पांढरा होईपर्यंत.

फोटो पांढरा कसा होतो, हे जंगलात एकट्या शाल्मलीलाच माहीत आहे. ती दर सोमवारी दरबारात जाते, चष्मा लावून फोटो पाहते आणि हळहळून मान हलवते. "अजून आहे, महाराज." महाराज उसाचा पेला उचलतात. बाहेर हरणांची पोरं खुशाल सूरपारंब्या खेळत असतात.

आणि हो, हल्ली पान पडलं तरी शाल्मली दचकत नाही.

तात्पर्य: बाळांनो, हातातलं काम नेहमी पूर्ण करावं, असं तुम्हाला शाळेत सांगतील. सांगू द्या. पण ज्याच्यासाठी काम करायचं तो आपल्याला खाऊ शकत असेल, तर शेवटचं धुणं जरूर बाकी ठेवावं.