दोन डाव्या बाजूंचं जहाज

जहाज बांधणं मुळीच अवघड नसतं. त्यावरची तीन पुस्तकं नीट वाचली की झालं!

हे वाक्य मी चारचौघांत बोललो. चारचौघांत म्हणजे नेमक्या अकरा माणसांत. ती सगळी माझ्याकडे वळली, तेव्हा कोण बोललं ते पाहायला मीही मागे वळलो. मागे भिंत होती.

तुम्ही मला ओळखत नाही, यात तुमची काही चूक नाही. मला ओळखणारेही फारसे ओळखत नाहीत. छत्तीस वर्षं मी एका ग्रंथालयात फाटकी पुस्तकं चिकटवली. वाचनकक्षात कुणी कुजबुजलं तर टेबलावरची ‘शांतता पाळा’ ही लाकडी पाटी उचलायची आणि त्यांच्यापुढे धरायची, हेही माझंच काम. तोंडाने कधी सांगितलं नाही. धीरच झाला नाही! त्यावरून सगळे मला ‘शांतताकाका’ म्हणू लागले.

मी निवृत्त झालो आणि चार वर्षांनी ग्रंथालयाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. नव्या ग्रंथपालबाई भलत्याच उत्साही. त्यांनी समुद्रप्रवासाच्या पुस्तकांचं प्रदर्शन ठरवलं आणि आम्हा जुन्या मंडळींना बैठकीला बोलावलं.

“मोठ्या काचेच्या कपाटात काय ठेवू या?” बाईंनी विचारलं.

आणि मी, जो बैठकीत चहासुद्धा खुणेने मागतो, तो म्हणालो, “व्हायकिंगांचं जहाज ठेवा. लाकडी. मी करून देतो.” आणि पाठोपाठ ते वरचं वाक्य.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. चार दिवसांनी छापील निमंत्रण घरी आलं. त्यावर माझं नाव होतं आणि नावाखाली लिहिलं होतं : ‘जहाजाविषयी दहा मिनिटे बोलतील.’

मी निमंत्रण उलटं करून ठेवलं.

“तुम्ही जहाज करणार?” बायको म्हणाली. ती तीस वर्षं शिवणाचे वर्ग चालवते आहे आणि माणसाकडे कापडाच्या तुकड्यासारखं पाहते. “अहो, खिळा ठोकताना तुम्ही डोळे मिटता!”

“यात खिळे नाहीत. डिंक आहे. डिंकात माझा हात कोण धरणार?”

हे मात्र खरं होतं. त्या तिनांतलं नमुन्यांचं पुस्तकही त्याच ग्रंथालयातलं होतं, आणि वीस वर्षांपूर्वी मीच दुरुस्त केलेलं. पान हलत नव्हतं की पुठ्ठा! त्यात जहाजाच्या एका बाजूच्या पाच फळ्यांचे नमुने होते. मी ते कागदावर उतरवले, पातळ लाकडावर ठेवून दोन-दोनदा कापले, दहाही फळ्यांच्या कडा तासल्या, गरम पाण्यात भिजवून वाकवल्या आणि कौलांसारख्या एकमेकींवर चढवून चिकटवल्या. उजव्या बाजूच्या फळ्या जरा हट्ट करत होत्या. मी त्यांना दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी दाबत होतो, त्यामुळे मला बरंही वाटलं.

डिंक वाळेपर्यंत फळ्या धरून ठेवायला घरातले सगळे कपड्यांचे चिमटे लागले. अठ्ठेचाळीस! जेवणाच्या टेबलावर जणू साळिंदर बसलं होतं. हे बायकोला सांगायचं राहिलं. तिने गॅलरीत कपडे तसेच दोरीवर टाकले, वारा सुटला आणि माझा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा खालच्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीतून आत गेला.

दहा मिनिटांत डॉक्टर पायजमा घेऊन दारात.

“काका, हा तुमचा?”

“बहुतेक,” मी म्हणालो. स्वतःच्या पायजम्याबद्दलसुद्धा मला खात्री वाटत नाही.

“पेशंटच्या तोंडावर पडला. त्यांना वाटलं, मी भूल देतोय. निमूट झोपले हो!”

मी माफी मागायला शब्द जुळवत होतो, तोवर डॉक्टर आत येऊन जहाजापुढे बसलेही. “वल्ह्यांची भोकं किती?”

“सोळा इकडे, सोळा तिकडे.”

“बत्तीस!” डॉक्टरांचे डोळे चमकले. “काका, हा तर माझाच धंदा!”

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत ते त्यांचं यंत्र घेऊन येऊ लागले. प्रत्येक भोक पाडताना सवयीने जहाजाला म्हणत, “दुखलं तर हात वर करा.” मी पुढच्या टोकासाठी ड्रॅगनचं डोकं कोरलं. बायकोने ते निरखून पाहिलं आणि विचारलं, “या बदकाला कसला धक्का बसलाय?”

शुक्रवारी दुपारी आम्ही चिमटे काढले. समारंभ शनिवारी सकाळी दहाला.

शेवटचा चिमटा निघाला आणि डॉक्टर दोन पावलं मागे सरले. एक डोळा मिटून पाहत राहिले.

“काका, चावा बसत नाहीये.”

“म्हणजे?”

“वरचा जबडा इकडे, खालचा तिकडे, तसं दिसतंय.”

मी पाहिलं. जहाज नाकापासून शेपटीपर्यंत डावीकडे वळलं होतं. टेबलाच्या टोकाकडे तोंड करून ठेवलं होतं, पण ड्रॅगन बघत होता आमच्या स्वयंपाकघरात!

बायको चष्मा पुसत बाहेर आली. तिने जहाजाकडे एकदाच पाहिलं.

“तुम्ही दोन्ही बाह्या डाव्या कापल्यात!”

“बाह्या?”

“अहो, कागदाचा नमुना एकच असतो. दुसऱ्या बाहीसाठी तो उलटा करून ठेवायचा. पहिल्या दिवशी शिकवते मी मुलींना! पुस्तकात लिहिलं नव्हतं?”

“नव्हतं!” मी चक्क आवाज चढवला. “मी शब्दन् शब्द वाचलाय.”

तिने पुस्तक हातात घेतलं, पान बोटांत धरून कापडाचा पोत पाहावा तसं चोळलं आणि थांबली. “हे पान दुप्पट जाड का लागतंय? आणि एकेचाळीसनंतर एकदम चव्वेचाळीस?”

शिवण उसवायची बारीक सुरी तिने कडेवरून अलगद फिरवली. चिकटलेली दोन पानं सुटली. आत ठळक अक्षरांत छापलं होतं : ‘उजव्या बाजूसाठी नमुना उलटा करावा. हे विसरल्यास जहाज वाकडे होईल.’ आणि समासात पेन्सिलीने, माझ्याच सुबक अक्षरात : ‘पान दुरुस्त केले.’ खाली माझी सही.

डॉक्टरांनी पुढे वाकून सही दोनदा वाचली.

“चिकटवलंत मात्र पक्कं,” बायको म्हणाली.

“मला ताप आल्यासारखं वाटतंय.”

“थर्मामीटर आणू?”

“नको.”

खरी गोष्ट अशी की, मला जहाजाची चिंता नव्हती. इतक्या वर्षांत मी एकदाच तोंड उघडलं होतं आणि उद्या सगळ्यांना कळणार होतं की, ते उघडायला नको होतं. पुढे मी त्या ग्रंथालयाची पायरी कुठल्या तोंडाने चढणार होतो?

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मग जहाजाकडे. “ते कपाट भिंतीला लागून आहे ना? मग बिघडलेली बाजू भिंतीकडे करा. समोरून काही कळत नाही. कुणी विचारलंच तर सांगा, जहाज वळण घेतंय.”

माझा जीव भांड्यात पडला. “आणि भाषण?”

“भूल देऊ का, काका?” डॉक्टर म्हणाले.

शनिवारी सकाळी कपाटाच्या पाठीला पडदा सोडलेला होता; आम्ही जहाज भिंतीकडे उजवी बाजू करून आत ठेवलं आणि त्यावर कापड टाकलं. साठेक माणसं जमली होती. ग्रंथपालबाई आनंदाने लगबगीने आल्या.

“सर, तुम्हाला सांगितलंच नाही! मागच्या पडद्याआड काल आरसा बसवून घेतलाय. म्हणजे लोकांना दोन्ही बाजू दिसतील!”

भांड्यात पडलेला माझा जीव भांड्यासकट खाली पडला.

कापड सरकलं, पाठोपाठ पडदाही. कपाटात एक जहाज डावीकडे वळत होतं, आरशातलं त्याला टाळून भलतीकडेच निघालं होतं. वाचनकक्षात इतकी शांतता मी माझ्या नोकरीतही कधी मिळवली नव्हती.

“हे जहाज कुणाकडे बघतंय हो?” पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं.

“सांगा, वळण घेतंय,” बायको कुजबुजली.

मी तेच सांगायला तोंड उघडलं. पण हाताखाली भाषणासाठी आणलेलं ते पुस्तक होतं, त्यात माझी सही होती, आणि पुस्तकावर हात ठेवून खोटं बोलायला मला जमेना.

“वळण नाही घेत,” मी म्हणालो. “त्याच्या दोन्ही बाजू डाव्या आहेत. आणि ही चूक मी वीस वर्षांपूर्वीच करून ठेवली होती.”

कुणीतरी खुदकन हसलं. मी पान दाखवलं, सही दाखवली. आणखी हसले. पण ते हसणं मला वाटलं होतं तसं नव्हतं. हसता हसता लोक खुर्च्या पुढे ओढत होते! मग मी चिमट्यांचं सांगितलं, पायजम्याचं सांगितलं, पेशंटचं सांगितलं.

“तो मीच!” मागून एक गृहस्थ हात वर करून ओरडले. “फार छान झोप लागली होती!”

“सर,” ग्रंथपालबाईंनी घाबरून विचारलं, “आणखी किती पुस्तकं चिकटवलीत?”

“अंदाजे नऊ हजार.”

सगळा वाचनकक्ष हास्याने दणाणला. माझ्या छातीवरचं छत्तीस वर्षांचं ओझं कुणीतरी दोरीवरचा चिमटा काढावा तसं काढून घेतलं होतं. मग मला थांबताच येईना. मी बदकाबद्दल बोललो. व्हायकिंग कधी वाट चुकत त्याबद्दल बोललो. डिंकाच्या सात प्रकारांवर आलो. पाचव्या प्रकारावर असताना कुणीतरी माझ्यापुढे काहीतरी धरलं.

दहा मिनिटांची पंचावन्न झाली होती. समोर बायको उभी होती आणि तिच्या हातात माझीच जुनी लाकडी पाटी होती : ‘शांतता पाळा.’

छत्तीस वर्षं मी ती पाटी फक्त मागच्या बाजूने पाहिली होती. समोरून ती बरीच रागीट दिसते हो!