अख्ख्या तांड्याचा एकच नंबर

फुकटात मोठेपणा मिळत असेल तर कोण सोडतो? महागाव तालुक्यातल्या त्या तांड्यात मोबाईलला रेंज यायची ती एकट्या नेमसिंगच्या टेकाडावरच्या घरात. त्यामुळे गॅसच्या नोंदणीपासून दवाखान्याच्या कार्डापर्यंत अख्खा तांडा त्याचाच नंबर लिहायचा. नेमसिंगचा हिशोब सरळ होता. जमेला रोजचे वीस रामराम, दोन चहा आणि पुढंमागं सरपंचकीची मतं, खर्चाला शून्य!

खर्चाचा पहिला फोन गुरुवारी आला.

"गोविंदा कुठं हाय? वॉशिंग मशीनचे अठरा हजार थकले!"

"तो खाली राह्यते. मी नेमसिंग."

"मंग तू भर! नाई त रविवारी तुह्याच दारात येऊन बोंब मारतो!"

नेमसिंगचं डोकं दुधासारखं उतू गेलं. मशीन गोविंदाचं, कपडे गोविंदाचे, आणि धुलाई नेमसिंगची? त्यात रविवारीच नेरहून पाहुणे यायचे होते, ममताची सोयरीक पक्की करायला! दारात वसुलीवाला बोंबलताना पाहून कोणता सोयरा पाणी तरी पिईल?

ममता, म्हणजे त्याची पोरगी, महागावला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होती. तिनं शांतपणे विचारलं, "बा, तू जामीनदार हायेस का?"

"जामीन कायचा! मी ते मशीन पाह्यलं बी नाई!"

"मंग तुले एक रुपया मागता येत नाई त्याले. दुसऱ्याचं कर्ज तुले सांगणंच चूक हाय. आता फोन आला की नाव विचार, ओळखपत्र माग, कंपनीचं पत्र माग. तुह्या फोनात बोलणं रेकॉर्ड होते, ते मी कंपनीले तक्रारीसंगं पाठवतो. बस! जास्त बोलू नको."

नेमसिंगला सगळं पटलं; शेवटचं वाक्य तेवढं पटलं नाही. तांड्यात भांडण मिटवायचं ते चारचौघांत बसून, ही वाडवडिलांची रीत. साक्षीदाराशिवाय कसला न्याय? शनिवारी ममता कामावर जाताच त्यानं मंदिरातला भजनाचा भोंगा आणून फोनला जोडला, अंगणात सतरंज्या टाकल्या, पाहुण्यांसाठी आलेला नवाकोरा सोफा बाहेर ओढला आणि नवरदेवासारखा मधोमध बसला. तांडा लोटला! पंजाबराव तर जावयालाही घेऊन आला.

पाच वाजता फोन वाजला.

"नाव सांग!" नेमसिंग गरजला. "ओळखपत्र पाठव! कोणाचे, कायचे, किती, समदं इस्कटून सांग!"

पलीकडं कागद फडफडले. भोंग्यातून वादळ सुटल्यासारखं वाटलं.

"तुमीच म्हणता त ऐका. या नंबरवर चार खाती हायेत. गोविंदा, मशीन, अठरा हजार."

सगळ्यांनी गोविंदाकडं पाहिलं. गोविंदानं आभाळाकडं.

"कपिल, मोबाईल, नऊ हजार."

"तुमाले त बक्षिसात भेटला होता ना?" कपिलची बायको बबिता ताडकन उठली.

"पंजाबराव, सोन्याची अंगठी, सव्वीस हजार."

जावयानं स्वतःच्या बोटाकडं पाहिलं. "मामाजी, हे उधारीची व्हय?"

"नेमसिंग, बंद कर ते!" पंजाबराव किंचाळला. पण नेमसिंगला घाईत बटणच सापडेना!

"मानीबाई नेमसिंग, सोफा, बत्तीस हजार. चार हप्ते बाकी."

नेमसिंग सोफ्यावरून विंचू चावल्यासारखा उठून बायकोकडं वळला.

"हा तुह्या भावानं देल्ला म्हणे ना?"

"मंग पाहुण्याईले कायच्यावर बसवलं असतं?" मानीबाईनं पदर खोचला. "तुह्या मोठेपणावर?"

ममतानं संध्याकाळी गुरुवारची धमकी कंपनीला पाठवली. कंपनीनं माफी मागितली, त्या माणसाला कामावरून काढलं, रविवारी कोणी फिरकलं नाही. पाहुणे सोफ्यावर ऐसपैस बसले आणि सोयरीक पक्की करून गेले.

"अन् तांड्याची अब्रू चव्हाट्यावर आणली, त्याची तक्रार?" नेमसिंग अजून धुमसतच होता.

"ते कोणावर करू, बा? भोंगा त तूच लावला!"

शेवटी कोणी काय भरलं म्हणता? वसुलीवाल्यानं नोकरी. कपिलनं बबिताला नवी साडी. नेमसिंगनं सोफ्याचे चार हप्ते, रीतसर पावती घेऊन, आणि पंजाबरावाच्या रुसलेल्या जावयाला शर्टपँट. गोविंदानं काहीच नाही. उलट त्यानंच निरोप धाडला, "काका, पाहुण्याईच्या चादरी धुवाच्या असतीन त पाठवा. मशीन मस्त चालून राह्यलं!"