लाल चिंधीची वांगी

गिरधरच्या डब्यातलं भरीत मी घरी नेलं, इथेच चुकलो. प्रमिलाने बोटं चाटली आणि म्हणाली, "असं भरीत जन्मात खाल्लं नाही!" (लग्नाला अकरा वर्षं झाली. माझ्या कुठल्याच कामगिरीवर तिने बोटं चाटलेली नाहीत.) गिरधर म्हणजे आमच्या धुळ्याच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरचा कारकून. मी डबा परत करताना ही तारीफ त्याला सांगितली. (ही दुसरी चूक.) तो म्हणाला, "मग रविवारी वहिनींना घेऊन मळ्यातच या. गाव बघणं होईल."

रविवारी टीव्हीवरची मालिका बुडवून प्रमिला एसटीत बसली, तेव्हाच मला शंका आली. मळ्यात गिरधरने कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवल्या आणि जाळातली वांगी चक्क हाताने फिरवली.

"बघा, भाऊंना चटकासुद्धा लागत नाही! नाहीतर आमच्याकडे! चहाचं पातेलंसुद्धा मीच उतरवायचं," प्रमिला म्हणाली.

माझा नुसता जळफळाट झाला. पाय मोकळे करतो म्हणून मी वांग्यांच्या वाफ्यात शिरलो. तिथे चार वांगी दिसली. चांगली नारळाएवढी, आणि प्रत्येकाच्या देठाला लाल चिंधी बांधलेली. म्हणजे ही कोणासाठी तरी खास राखलेली होती, आणि तो कोणीतरी मी नक्कीच नव्हतो. मी चारही तोडली, चिंध्या खिशात कोंबल्या आणि जाहीर केलं, "आजचं भरीत माझ्या हातचं!"

भाजताना तीन बोटं पोळली. प्रमिलाने पहिला घास घेतला आणि वाळू चावल्यासारखा आवाज आला. भरतात गर नव्हताच, सगळ्या बियाच. गिरधरच्या आईला, भागाबाईंना, माझ्या खिशातून लोंबणारी चिंधी दिसली.

"आरे भाऊ, हाई काय कयं? बठ्ठा बियाना वांगा तोडी टाकात!"

बियाण्याची सगळी वांगी मी तोडून टाकली होती. गिरधरच्या आजोबांपासून जपलेलं घरचं बियाणं होतं ते. दरवर्षी चांगली चार वांगी निवडून, खूण बांधून झाडावरच पिकू द्यायची, ही त्यांची रीत. नशीब माझं, भागाबाईंनी गेल्या सालचं मूठभर बी गाडग्यात ठेवलं होतं.

परतताना एसटीत मी खरं सांगून टाकलं. "मला वाटलं, त्याने ती तुझ्यासाठी राखलीत."

प्रमिलाने खिडकीबाहेरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "माझ्यासाठी राखलीत असं वाटलं, तरी तोडलीत?"

तेव्हापासून आमच्या घरात लाडवाच्या डब्याला प्रमिलाने बांधलेली लाल चिंधी असते. परवा गिरधर आला, तेव्हा तिने ती स्वतः सोडली.